फोनचा आवाज टीव्हीतून, सगळ्यांच्या कानापर्यंत

मैत्रिणींनो, कर्जाच्या अटी सांगणारी ऑडिओ क्लिप आपण बैठकीत एका फोनवर लावतो. पुढच्या चौघींना ऐकू येतं, मागच्या नुसत्या मान हलवतात. पण हप्ता थकला तर जबाबदारी सगळ्या गटाची असते. म्हणून ज्या घरी बैठक असेल, तिथला टीव्ही कामाला लावा.

काय लागतं?
एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल व पांढरी पिन असलेली वायर. फोनला हेडफोनचं भोक नसेल, तर टाइप-सीचा जोड घ्यावा लागतो.

कसं जोडायचं?
1. टीव्ही बंद करा. मागे 'एव्ही इन' लिहिलेलं असतं, तिथे लाल पिन लालमध्ये, पांढरी पांढऱ्यात लावा. 'आउट'मध्ये लावली तर आवाज येत नाही. पिवळं भोक चित्राचं, ते रिकामं राहू द्या.
2. तिथे सेट टॉप बॉक्सची वायर असेल तर काढा, बैठकीनंतर आठवणीने परत लावा.
3. टीव्ही सुरू करून रिमोटवरचं 'सोर्स' बटण दाबा आणि 'एव्ही' निवडा. पडद्यावर चित्र येणार नाही, घाबरू नका.
4. फोनचा आवाज पाऊण ठेवा, बाकीचा टीव्हीवरून वाढवा.

काही स्मार्ट टीव्ही ब्लूटूथवरूनही फोनचा आवाज घेतात, पण सगळे नाही. त्यामुळे बैठकीआधीच लावून बघा.

क्लिप मध्येच थांबवून मागे बसलेल्या ताईंना विचारा, "व्याज किती? हप्ता किती?" त्यांना सांगता आलं, की मगच सह्या घ्या.