रानालगतच्या झाडांभोंवतालची ओल

शेताच्या कडेला साग किंवा ऐन उभा असला म्हणजे त्याच्या बाजूचीं कांहीं तासें रब्बी ज्वारी खुजी राहते. ‘झाड ओल पितें’ असें म्हणून आपण कुऱ्हाड उचलतों. परंतु पीक सांवलीनें खुरटलें कीं ओलीच्या अभावीं, हें ओल मोजल्यावांचून ठरत नाहीं. आणि तोडलेला साग आपल्या हयातींत पुन्हां तेवढा होत नाहीं.

खोडाजवळ, फांद्यांच्या घेराच्या मध्यावर, घेराच्या कडेखालीं व दूर उघड्यावर अशीं चार ठिकाणें एका रेषेंत धरावीं. प्रत्येक ठिकाणीं गिरमिटानें १, २ व ३ फूट खोलीची माती काढून ती पत्र्याच्या डब्यांत घालावी व तत्काळ झांकण लावावें. अशा निदान तीन रेषा निरनिराळ्या दिशांस घ्याव्या. माती तोलून, प्रयोगशाळेंतील ओव्हनमध्यें १०५ अंश सेंटिग्रेडवर २४ तास वाळवून पुन्हां तोलावी. डब्याचें वजन वजा जातां १२० ग्रॅम माती १०० भरली, तर ओल शेंकडा २० झाली. भागाकार कोरड्या वजनानें करावा. येथें पुष्कळ जण चुकतात.

आंकड्याचा अर्थ लावणें मात्र अधिक नाजूक आहे. भारी काळ्या मातींत शेंकडा २० ओल असूनहि पीक माना टाकूं शकतें, कारण ती ओल चिकणमातीनें घट्ट धरलेली असते. रेताड जमिनीस तेवढी ओल धरवतच नाहीं. म्हणून तुलना एकाच जातीच्या मातींत करावी. शिवाय हलकी सर पानांवरच अडते. तेव्हां झाडाखालची कोरड नेहमीं मुळांचीच करणी नसते. उलट मोठ्या पावसांत खोडावरून ओघळलेल्या पाण्यानें बुंध्याजवळ ओल अधिक भरते. पाचोळ्यानें वरचा थर ओला राहतो व खालचा मुळांनीं शोषलेला असतो. केवळ वरची माती पाहणारा झाडास निर्दोष ठरवील!

यास्तव एकदांच मोजून भागत नाहीं. पाऊस सरतांच पहिली मोजणी करून पुढें कापणीपर्यंत दर पंधरा दिवसांनीं ती करावी. मधें पाऊस झाला नसेल, तर उघड्यावरच्यापेक्षां झाडाजवळची घट किती अधिक, हें पाहावें. उन्हाळ्यांत साग निष्पर्ण होतो. त्या वेळची मोजणी या कामीं निरुपयोगी.

पिकाच्या ऐन भरांत कडेखालीं २ व ३ फुटांवरची ओल झपाट्यानें घटत असेल, तर झाड व पीक यांमध्यें ३ फूट खोल चर खणून आडवीं मुळें तोडावीं. घट सारखीच असेल, तर खालच्या फांद्या छाटाव्या व पुढील हंगामीं तींच तासें पुन्हां पाहावीं.