नाव सफरचंदाचे, कूळ वांग्याचे

पुण्याच्या गुलटेकडी येथील मार्केट यार्डात काश्मीर व हिमाचल प्रदेशातील सफरचंदे, आंबेगाव व खेड भागातील बटाटे आणि मावळातील गुलाब विक्रीस येतात. या तिहींपैकी कोणती दोन पिके एकमेकांच्या नात्यातील आहेत, असे विचारल्यास पुष्कळांना उत्तर देता येत नाही. हे नाते ओळखणे हा केवळ माहितीचा विषय नाही. बटाटा उत्पादकाच्या नफा-नुकसानीशी त्याचा निकटचा संबंध आहे.

बटाट्याचे खरे कूळ

फ्रेंच भाषेत बटाट्यास ‘पॉम द तेर’ म्हणजे ‘भूमीतील सफरचंद’ असे म्हणतात. नाव गोड असले तरी फ्रान्समधील लोक प्रारंभी बटाटा खाण्यास कचरत असत. पार्मांतिए (१७३७–१८१३) या औषधशास्त्रज्ञाने प्रशियाच्या कैदेत असताना बटाट्यावर दिवस काढले होते. मायदेशी परतल्यावर त्याने या पिकाचा नेटाने प्रचार केला. १७७२ साली पॅरिसच्या वैद्यक विद्याशाखेने बटाटा खाण्यास निर्धोक असल्याचा निर्वाळा दिला. बटाट्याच्या अनेक फ्रेंच पदार्थांना आजही पार्मांतिएचे नाव आहे.

लोकांची भीती मात्र अगदीच निराधार नव्हती. बटाटा हा वांगे, टोमॅटो, मिरची, तंबाखू व धोतरा यांच्या कुळातील आहे. आपल्याकडे चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणाऱ्या घरांतही उपवासाला बटाटा चालतो. कूळ मात्र दोघांचे एकच. उन्हात उघडा पडून हिरवा झालेल्या बटाट्यात सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते. म्हणून पिकास वेळेवर मातीची भर द्यावी आणि हिरवे बटाटे खाण्यास वापरू नयेत.

कूळ एक, रोगही एक

या कुळातील पिकांचे काही रोग समान आहेत. उशिरा येणारा करपा बटाट्याप्रमाणेच टोमॅटोवरही पडतो. १८४५ पासून याच रोगाने आयर्लंडमधील बटाट्याचे पीक बुडाले आणि त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली. जिवाणूंमुळे होणारा मर रोग बटाटा, टोमॅटो, वांगे व मिरची या सर्वांना ग्रासतो. रोगट कंद कापल्यास आत तपकिरी कडे दिसते. हे जिवाणू जमिनीत, पाण्यात व बियाण्यात टिकून राहतात.

यावरून फेरपालटाचा नियम स्पष्ट होतो. टोमॅटोनंतर बटाटा किंवा बटाट्यानंतर वांगी घेणे म्हणजे पीक बदलणे नव्हे. पीक बदलले, पण रोगाचे घर तेच राहिले.

सफरचंद व गुलाब

सफरचंदाचे खरे नाते गुलाबाशी आहे. रानगुलाबाचे व सफरचंदाचे फूल शेजारी ठेवल्यास दोन्हींना पाच पाकळ्या दिसतात. नासपती, पीच व महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी हीही याच कुळातील होत. गुलाब व सफरचंद या दोहोंची कलमे खुंटावर डोळा भरून करतात. डोळ्याखालून येणारी खुंटाची फूट दोन्हींमध्ये वेळोवेळी काढावी, अन्यथा कलम दबून जाते.

परंतु नाते असले तरी हवामानाची गरज एक नसते. पॉलिहाऊसमधील गुलाब मावळात उत्तम येतो. सफरचंदाच्या रूढ वाणांना मात्र हिवाळ्यात सुमारे ७ अंश सेल्सिअसखालील थंडी शेकडो तास लागते. कमी थंडीत येणारे वाण निघाले आहेत. तथापि आपल्या भागात फळ धरल्याची खात्री करून घेतल्याशिवाय शेतकऱ्यांनी मोठ्या क्षेत्रावर लागवड करू नये.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. बटाट्याच्या आधी व नंतर वांगे, टोमॅटो, मिरची घेऊ नये. ज्वारी, बाजरी, मका किंवा गहू यांसारखी तृणधान्ये घ्यावीत. मर रोग दिसलेल्या शेतात निदान दोन-तीन वर्षे या कुळातील पीक टाळावे.

२. निरोगी, खात्रीचे बियाणे वापरावे. कंद कापून लावावयाचे असल्यास प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे ठेवावेत आणि चाकू वरचेवर जंतुनाशक द्रावणात बुडवावा.

३. शेतातील व बांधावरील धोतरा, रिंगणी यांसारखी याच कुळातील तणे उपटून टाकावीत.

४. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक शेताची मागील तीन वर्षांची पिके नोंदवून ठेवावीत व लागवडीपूर्वी शेतकऱ्यांस दाखवावीत.

सोयरीक जुळविताना शेतकरी कूळ पाहतो. पीक निवडतानाही त्याने तसेच करावे. फरक इतकाच, की येथे एकाच कुळातील पिके पाठोपाठ घेणे टाळावयाचे आहे.