आतड्याची मोठी शस्त्रक्रिया : निवड आणि निगा

पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेचा विषय निघाला की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम चौकशी करतात ती मोठ्या शहरातील नामांकित डॉक्टरांची. नांदेडकडील रुग्ण हैदराबादचा, तर लातूरकडील रुग्ण सोलापूर वा पुण्याचा रस्ता धरतो. हा निर्णय प्रसंगी योग्यही ठरतो. परंतु मोठ्या आतड्याच्या किंवा गुदाशयाच्या शस्त्रक्रियेचे यश केवळ शल्यविशारदाच्या हातावर अवलंबून नसते. घरी परतल्यावर दहाव्या दिवशी ताप आला तर रुग्णाला कोण तपासणार, या प्रश्नाचे उत्तरही निवड करतानाच मिळाले पाहिजे.

जिल्ह्यातील सोयी

नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आणि लातूरचे २००२ मध्ये सुरू झाले. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यांत नांदेड होते. २०१३ मध्ये लातूरसह उर्वरित जिल्हे तिच्यात आले. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन त्यांना शस्त्रक्रियेपूर्वीच भेटावे.

कोणते प्रश्न विचारावेत ?

डॉक्टरांना प्रश्न विचारणे म्हणजे अविश्वास दाखविणे नव्हे. अशा शस्त्रक्रिया आपण वर्षाकाठी किती करता ? रुग्णालयात अतिदक्षता विभाग, रक्ताची सोय आणि रात्री उपस्थित असणारे डॉक्टर आहेत काय ? पोटावर कृत्रिम मलद्वार करावे लागेल काय. लागल्यास ते तात्पुरते की कायमचे? हे प्रश्न अवश्य विचारावेत.

कर्करोग असल्यास तुकडा तपासणी व सी. टी. स्कॅन झाल्यावरच उपचारांचा क्रम ठरवावा. गुदाशयाच्या कर्करोगात पुष्कळदा शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार व औषधोपचार द्यावे लागतात. म्हणून एकट्या शल्यविशारदापेक्षा एकत्र विचार करणारे डॉक्टर जेथे आहेत, ते ठिकाण पसंत करावे. मात्र आतड्याला पीळ पडला, ते फुटले किंवा पूर्ण अडले, तर निवड करीत बसू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेले जवळचे रुग्णालय गाठावे.

पूर्वतयारी

तंबाखू, विडी व मद्य निदान चार आठवडे आधी बंद करावे. रक्तक्षय व मधुमेह यांवर उपचार घ्यावेत. कृत्रिम मलद्वाराची शक्यता असल्यास रुग्णाला बसवून, उभे करून, धोतर वा साडी कोठे बांधली जाते हे पाहून पोटावर जागेची खूण आधीच करून घ्यावी. जागा चुकली तर पिशवी नीट चिकटत नाही आणि मग रोजचा त्रास होतो.

शस्त्रक्रियेनंतर

पूर्वी असा रुग्ण कित्येक दिवस उपाशी व निजून ठेवीत. डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी १९९० नंतरच्या दशकात ही रूढी चुकीची असल्याचे दाखवून दिले. आता डॉक्टरांची संमती असल्यास पहिल्याच दिवशी रुग्णाला उठवून बसवितात, चार पावले चालवितात व द्रव पदार्थ देतात. दीर्घ श्वसनामुळे फुप्फुसांत कफ साठत नाही, तर चालण्यामुळे पायांतील रक्त गोठण्याचा धोका घटतो.

आतड्याचा जोड सुटणे ही सर्वांत गंभीर आपत्ती होय. ती बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत उद्भवते. ताप, वाढते पोटदुखणे, पोट फुगणे, वारंवार उलटी, जलद नाडी किंवा जखमेतून पू अथवा मळ येणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपाय न करता त्याच दिवशी रुग्णालयात जावे. दूरच्या शहरी शस्त्रक्रिया झाली असल्यास जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका शल्यविशारदाशी आधीच बोलून ठेवावे आणि शस्त्रक्रियेचे टिपण, तुकडा तपासणीचा अहवाल व घरी सोडतानाचा कागद यांच्या प्रती जवळ बाळगाव्यात.

घरी आल्यावर सुमारे सहा आठवडे पाण्याची घागर, धान्याचे पोते असे ओझे उचलू नये. सुगी असली तरी हा नियम मोडू नये. आरंभी मऊ भात, वरण, दही, अंडी असा आहार थोडा थोडा, अनेक वेळा घ्यावा. पोटावर पिशवी असलेली व्यक्ती स्नान करू शकते, प्रवास करू शकते, शेतीची व घरची कामे पुन्हा हाती घेऊ शकते. तिचे ताट वेगळे मांडण्याचे काहीच कारण नाही. शल्यविशारदाची निवड एकदाच होते. निगा मात्र घरच्या माणसांना रोज राखावी लागते.