सार्वजनिक भोजनालयांची अंडीखरेदी आणि कोंबड्यांचें सौख्य

शाळा, रुग्णालयें, वसतिगृहें ह्यांच्या पाकगृहांतून रोज शेंकडों माणसें जेवतात. परंतु ज्या जनावरांपासून तें अन्न मिळालें तीं कशीं ठेवलीं होतीं, हें जेवणारा विचारीत नाहीं व मक्तेदारही विचारीत नाहीं. मक्ता बहुधा सर्वांत कमी दराच्या टेंडरास मिळतो, आणि दर उतरविण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे कोंबडीची जागा कमी करणें. म्हणून कोंबडीचे हाल पुष्कळ वेळां पाळणाऱ्याच्या निष्ठुरपणामुळें होत नसून खरेदीच्या करारांत तिच्याविषयीं एकही ओळ नसल्यामुळें होतात, असें आमचें मत आहे. ती ओळ घातल्यानें काय होतें, हें इंग्लंडच्या उदाहरणावरून पाहूं.

तेथें रूथ हॅरिसनबाईंच्या १९६४ सालच्या ‘ॲनिमल मशीन्स’ ह्या पुस्तकानें ह्या प्रश्नाकडे लोकांचें लक्ष वेधलें. १९६५ सालीं ब्रँबेल समितीचा अहवाल आला. पुढें युरोपीय संघानें १९९९ सालीं निर्देश काढून नुसत्या तारेचे पिंजरे १ जानेवारी २०१२ पासून बंद केले. अशा पिंजऱ्यांत एका कोंबडीस ५५० चौरस सेंटिमीटर, म्हणजे सुमारें एक वीत लांब व एक वीत रुंद एवढीच जागा असे. पंख पसरावयासही ती पुरत नाहीं.

कायद्याच्या पुढें एक पाऊल खरेदीदारांनीं टाकलें. ‘सॉइल असोसिएशन’ ह्या संस्थेनें २००९ सालीं ‘फूड फॉर लाइफ’ योजनेखालीं भोजनालयांस मान्यतापत्र देण्यास आरंभ केला. त्याच्या अगदीं पहिल्या पायरीसही अंडीं मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांचींच लागतात. खात्री करणेंही सोपें आहे. कवचावरील छापाचा पहिला अंक ० असल्यास सेंद्रिय, १ असल्यास मोकळी, २ असल्यास आंत मोकळी ठेवलेली, व ३ असल्यास पिंजऱ्यांतील कोंबडी समजावी. मात्र फोडून पिंपांत भरलेल्या अंड्यांवर छाप कोठून असणार? तेथें कागदपत्रेंच तपासावीं लागतात.

मोकळ्या कोंबड्यांसाठीं युरोपीय संघाच्या नियमांतील मापें अशीं: एका चौरस मीटरांत ९ पेक्षां अधिक कोंबड्या नसाव्या, ७ कोंबड्यांमागें अंडीं घालण्यास एक घरटें, प्रत्येकीस रात्रीं बसावयास १५ सेंटिमीटर दांडी, जमिनीचा एक तृतीयांश भाग उकरण्यास व धुळींत लोळण्यास भुशाचा, आणि बाहेर प्रत्येकीस ४ चौरस मीटर आवार. ह्या हिशेबानें ९० कोंबड्यांस १० चौरस मीटर घर, १३ घरटीं, साडेतेरा मीटर दांडी व ३६० चौरस मीटर आवार लागेल.

ह्या पद्धतीस खर्च अधिक येतो, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. फिरती कोंबडी अधिक खाते, घरट्याबाहेर घातलेलीं अंडीं वेंचावीं लागतात, मुंगुसापासून राखण करावी लागते, आणि रानपांखरांकडून रोगाचें भय राहतें. बर्ड फ्ल्यूच्या सांथींत खुद्द इंग्लंडांतही मोकळ्या कोंबड्या हुकुमानें आंत कोंडाव्या लागल्या. हा भार एकट्या शेतकऱ्यानें सोसावा, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

आपल्याकडे १९६० सालच्या प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें, हालचाल करतां येणार नाहीं अशा पिंजऱ्यांत जनावर कोंडणें हा गुन्हा आहे. पण नुसत्या कायद्यानें गिऱ्हाईक मिळत नाहीं, व मिळालेलें टिकेलच असेंही नाहीं. महाराष्ट्र सरकारनें नोव्हेंबर २०२३ मध्यें शालेय पोषण आहारांत आठवड्यास एक अंडें देण्याचें ठरविलें, आणि जानेवारी २०२५ मध्यें त्यासाठींचा स्वतंत्र निधी थांबविला. त्या भरंवशावर ज्यानें कर्ज काढून खुराडें बांधलें असेल, त्याची काय अवस्था झाली असेल, हें सांगावयास नको.

तेव्हां आमच्या वाचकांस आमची सूचना ही कीं, वसतिगृहास किंवा रुग्णालयास अंडीं पुरविण्याचें ठरविण्यापूर्वीं तीन गोष्टी लेखी घ्याव्या: कोंबड्यांस द्यावयाची जागा व सोयी, त्यांचा खर्च धरून ठरलेला दर, आणि निदान बांधकामाचा खर्च भरून निघेल इतकी मुदत. एकट्या शेतकऱ्याचें म्हणणें खरेदीदार ऐकेल न ऐकेल. दहा जणांनीं संस्थेमार्फत मागणी केल्यास ती डावलणें कठीण जाईल. कोंबडीचें सौख्य व पाळणाऱ्याचें सौख्य हीं एकाच करारांत असलीं, तरच दोन्ही टिकतील.