एका झुलू बंधूची शंका

कोणी शास्त्राविषयीं शंका काढली कीं कित्येक उपदेशक त्यास नास्तिक म्हणून गप्प बसवितात. आफ्रिकेंतील नाताळचे बिशप कोलेन्सो यांनीं तसें केलें नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकाचें झुलू भाषांतर चाललें असतां त्यांचे साहाय्यक विल्यम एन्गिदी यांनीं विचारिलें कीं, सर्व देशांतील पशुपक्षी खरोखरच नोहाच्या तारवांत आले काय? बिशपसाहेब गणिती, अंकगणिताच्या शालोपयोगी पुस्तकांचे कर्ते. ‘होय’ म्हणावयास त्यांची जीभ वळेना. मग त्यांनीं मोशेच्या पुस्तकांतील आकडेच तपासले: ६ लक्ष पुरुषांची मंडळी दर्शनमंडपाच्या दारापाशीं मावली कशी? १८६२ सालीं हें छापून निघतांच मोठा गहजब झाला. १८६३ सालीं केपटाऊन येथें त्यांस पदच्युत केलें. १८६५ सालीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनें तो निकाल रद्द ठरविला. देवावरील त्यांचा विश्वास मात्र ढळला नाहीं.

त्यांचे सर्व सिद्धांत आम्हांस मान्य आहेत असें नाहीं. पण एन्गिदींनीं पाप केलें असें आम्हांस वाटत नाहीं. थोमानें खुणा पाहावयास मागितल्या तेव्हां प्रभूनें त्यास घालवून दिलें नाहीं, हात पुढें केले (योहान २०:२७). वाचकहो, तुमच्या गांवच्या चावडीवर कोणी तारवाविषयीं विचारिलें तर तुम्ही काय सांगाल?