झिपरीचे केस कापताना

चि. सोनू,


तुझ्या गिनी पिगचे, झिपरीचे फोटो पाहिले. पाठीवरचे केस अजून बरे आहेत, पण बगलेत आणि मागच्या पायांपाशी धरलेल्या जटा चांगल्याच घट्ट दिसतात. ‘आधी कोमट पाण्याने आंघोळ घालून मग विंचरू का?’ असं तू विचारलंस. अजिबात नको. ओली जट वाळताना आणखी आवळते आणि आत ओल तशीच कोंडून राहते. आधी कात्री, मग कंगवा. पाण्याची गरज उरलीच तर ते सगळ्यांत शेवटी.

कात्री हातात घेण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की कर. हे लांब केस तिची गरज नाहीत, माणसाची हौस आहेत. गिनी पिगचे रानटी भाऊबंद दक्षिण अमेरिकेतले, आणि त्यांचे केस आखूड असतात. अँडीजमधल्या लोकांनी हजारो वर्षांपूर्वी हा प्राणी मांसासाठी पाळायला घेतला. पेरूमध्ये तो आजही खातात. लांब केसांच्या जाती पुढे हौशी लोकांनी निवडून निवडून वाढवल्या. झिपरीचे केस डोळ्यांवरही येतात, म्हणजे ती पेरुव्हियन वळणाची असावी. शेल्टी या दुसऱ्या लांब केसांच्या जातीत केस तोंडावरून मागे वळतात. हे केस महिन्याला साधारण अडीच सेंटीमीटर वाढतात आणि वाढतच राहतात. तेव्हा ‘कापले तर रूप जाईल’ ही हळहळ मनातून काढून टाक. ज्या रूपाचा तिला त्रास होतो, ते आपण राखायचं नाही.

त्रास कसा होतो, तेही सांगते. जट कातडीजवळ आवळत गेली की प्रत्येक पावलाला कातडी ओढली जाते. बगलेत जट असली तर पाय पुढे टाकतानाही दुखतं. मागच्या बाजूच्या जटेत लघवी आणि लेंड्या अडकतात, खालची कातडी सतत ओली राहते आणि सोलवटते. आपल्याकडे पावसाळ्यात याच्या जोडीला माश्या येतात. घाणेरड्या, ओल्या केसांत त्या अंडी घालतात आणि अळ्या पडायला फार वेळ लागत नाही. म्हणून हे काम सुट्टीच्या दिवसावर ढकलू नकोस.

आता हत्यारं. बोथट टोकाची छोटी कात्री, रुंद दातांचा एक कंगवा, बारीक दातांचा एक धातूचा कंगवा, एक जुना टॉवेल आणि तिला आवडणारी कोथिंबीर किंवा ढोबळी मिरची. ट्रिमर आत्ता नको. त्याच्या आवाजाने ती बिचकेल आणि गरम झालेलं पातं पातळ कातडीला भाजतं. पंखा बंद कर, उजेड भरपूर ठेव. जमिनीवर बस, म्हणजे उसळली तरी उंचावरून पडणार नाही. आईला समोर बसव. एकीने एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या अंगाखाली देऊन तिला टॉवेलवर धरायचं आणि दुसरीने कापायचं. तिला उताणं पाडून दाबून ठेवू नकोस. पोटाकडचं काम करताना ती पाठीने आईच्या पोटाला टेकून बसू दे, मागच्या पायांखाली आधार असू दे.

खरी मेख पुढे आहे. जट ओढली की कातडीही तिच्याबरोबर तंबूसारखी वर येते. बोटांना जो केसांचा पुंजका वाटतो, त्यात कातडीची घडी असू शकते, आणि न पाहता कात्री चालवली की नेमकी तीच घडी कापली जाते. म्हणून आधी जटेचं मूळ डाव्या हाताच्या दोन बोटांत धर, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचणार नाही. मग बारीक कंगवा जट आणि कातडी यांच्यामधून अलगद सरकव. कंगवा आडवा बसला की कातडी त्याच्या खाली आणि जट वर. कात्री कंगव्याच्या वरूनच चालवायची, खालून कधीच नाही. कंगवा शिरत नसेल इतकी जट घट्ट असेल, तर ती एकदम कापू नकोस. कात्रीचं टोक कातडीपासून बाहेरच्या बाजूला ठेवून जट केसांच्या दिशेने उभी चिरायची, बोटांनी टोकाकडून सोडवत यायचं, पुन्हा चिरायची. दोन-तीन चिरांत ती सैल पडते. पोटाखाली अधिक जपून. तिथे केसांत लपलेली दोन स्तनाग्रं असतात. ती आधी बोटांनी शोध, मगच कात्री जवळ ने.

एका बैठकीत सगळं उरकायचा हट्ट धरू नकोस. एक-दोन जटा निघाल्या की थांब, खाऊ दे, पिंजऱ्यात सोड. ती दात कटकटवू लागली, सारखी डोकं वर झटकू लागली किंवा एकदम थिजून बसली, तर तिची सहनशक्ती संपली असं समज. थिजणं म्हणजे शांत होणं नव्हे, ती घाबरलेली असते. तुझा हातखंडा दाखवायला हे काम नाही. तिला पुढच्या वेळीही तुझ्या मांडीवर यावंसं वाटलं, तर ते जमलं म्हणायचं.

जट निघाल्यावर खालची कातडी नीट बघ. थोडी गुलाबी असेल तर हवा लागून बरी होईल. पण ओली, चिघळलेली, वास येणारी असेल, खपल्या असतील किंवा केस गळून गोल चट्टे पडले असतील, तर प्राण्यांच्या डॉक्टरांकडे जायचंच. उवा, माइट किंवा नायटा असू शकतो, आणि नायटा माणसालाही लागतो. अळी दिसली तर तासभरही थांबू नकोस. त्यावर टर्पेंटाइन किंवा कापराचं तेल घालू नकोस. घरात उरलेली अमॉक्सिसिलिन तर मुळीच देऊ नकोस. तोंडावाटे दिलेल्या पेनिसिलिन गटातल्या औषधांनी गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि जीवही जाऊ शकतो. कापताना चुकून कातडी चिरली, तर स्वच्छ गॉज दाबून धर आणि जखम उघडी दिसत असेल तर टाके घालावे लागतात का, ते डॉक्टरांना ठरवू दे. अंगभर जटा असतील तेव्हा कधी कधी गुंगी देऊनच त्या काढाव्या लागतात. त्यात कमीपणा नाही. मात्र गिनी पिगला उलटी होत नाही आणि उपाशी ठेवलं की पोट बंद पडतं, म्हणून भुलीआधी खाणं कधी थांबवायचं, ते डॉक्टरांनाच विचार.

आणखी एक. जटा कशाने झाल्या, याचाही शोध घे. स्वतःचं अंग साफ करणारा प्राणी ते करेनासा झाला, की त्यामागे वजन, सांधेदुखी, दातांचं दुखणं किंवा मूत्रमार्गातला खडा असू शकतो. माणसाप्रमाणेच गिनी पिगचं शरीर क जीवनसत्त्व तयार करत नाही. त्याला ते रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम खाण्यातून मिळावं लागतं. कमी पडलं की सांधे दुखतात. ढोबळी मिरची यासाठीच रोजची. सुकं गवत दिवसभर भरपूर असू दे.

यापुढे मागचे केस पायांच्या वर राहतील इतके कायम आखूड ठेव. पोटाचे आणि बुडाकडच्या जागेचे तर अगदी आखूड. पाठीचे हवे तर थोडे लांब राहू देत. एक दिवसाआड मांडीवर घेऊन दोन्ही कानांमागे, बगलेत आणि मागे बोटं फिरव. वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली की तिथेच सोडव, वाढू देऊ नकोस. डोळ्यांवरचे केस भुवईपाशी कापून टाक, म्हणजे तुझा हात जवळ येताना तिला दिसेल.

तुझा हात हलका आहे, लहानपणापासून पाहते आहे. धीर धर, घाई करू नकोस. पहिली जट निघाली की मला फोटो पाठव, आणि कातडीबद्दल शंका आली तर मला विचारत बसण्याआधी डॉक्टरांना फोन कर. तिला बोलता येत नाही, म्हणून तिच्या वतीने लवकर बोलणं हे तुझंच काम.

आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी