डबा रिकामा जाऊ नये

पोरी, परवा तुझी मैत्रीण आली होती. खाली टपरीवर दोघींनी चहा घेतला आणि जिना चढेपर्यंत तू तिचे पैसे मोबाइलवरून पाठवूनही टाकलेस. बंगळूरला नव्या मुलींबरोबर राहशील तेव्हा असं करू नकोस. पुढचा चहा तू पाज. थोडं देणं अंगावर राहिलं तरच पुन्हा भेटायला निमित्त उरतं.

आमच्या लालबागच्या चाळीत शेजाऱ्यांचं भांडं रिकामं परत करायची रीत नव्हती. आमटीची वाटी आली की घासून ठेवायची, घरात काही बरं झालं की त्यातून द्यायची. काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर.

१९८२ साली संक्रांतीचा तिळगूळ वाटून चार दिवस झाले आणि १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, त्यात तुझे आजोबा. होळीपर्यंत आमच्याकडे साखरही मोजून वापरायची वेळ आली. शेजारच्या वहिनींचे यजमान बेस्टमध्ये कंडक्टर होते, त्यांचा पगार चालू होता. एका दुपारी त्यांच्याकडून डबा आला, भाकऱ्या आणि सुकटीचं कालवण. मुलं जेवली, पण डब्यात घालायला माझ्याकडे काही नव्हतं. आठ दिवस मी गॅलरीत वहिनींची नजर चुकवली. शेवटी वहिनीच दारात आल्या, "डबा द्या हो, मला लागतोय," म्हणत रिकामाच घेऊन गेल्या. संध्याकाळी तो भरून परत आला. जाता जाता वहिनी म्हणाल्या, "आमच्या धाकटीचे पाढे तेवढे घ्या, माझं ऐकत नाही ती." त्या रात्री मला नीट झोप लागली.

म्हणून सांगते, कुणावर वेळ आली तर "काही लागलं तर सांग" एवढं बोलून निघून येऊ नकोस. कुणी सांगत नाही. ताप आला असेल तर मऊ भात घेऊनच जा. आणि तिलाही तुझं एखादं काम करू दे. तुझ्यावर वेळ आली तर माझ्यासारखी तोंड लपवू नकोस.

पैसे उसने देशील तर बुडाले तरी मन कडू होणार नाही इतकेच दे. भिंतीपलीकडचं कानावर पडलेलं बाहेर बोलू नकोस. भांडण मेसेजवर तर मुळीच नको, समोर बसून कर आणि जुनी उणीदुणी काढू नकोस. पण जी फक्त घ्यायलाच येते तिच्यापासून जरा लांब राहा, त्यात पाप नाही. हे मला फार उशिरा कळलं, आणि तोवर बराच मनस्ताप झाला होता.

वहिनी आता विरारला असतात. तो डबा अजून आहे, झाकणावर त्यांच्या यजमानांचं नाव कोरलेलं. कधी त्यांच्याकडे असतो, कधी आपल्याकडे. आत्ता आपल्याकडे आहे. रविवारी बेसनाचे लाडू करते, सकाळची लोकल पकडू. बंगळूरला जाण्याआधी एकदा चल माझ्याबरोबर.